दाराशी टेकवलेला झाडू

ओउलू, २ फेब्रुवारी १९८४

श्री. काउको युंटुनेन यांस,

तुमची माझी ओळख नाही. मी ओइवा कुर्टी. बाजारचौकामागच्या बेकरीच्या माडीवर माझं ऑफिस आहे आणि दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी आहे. पाटी पाहून फार मोठा माणूस समजू नका. मिसरूड फुटायच्या आधी मी नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणाऱ्या टोळीत लागलो. शाळा सुटली ती सुटलीच, पण पुढे ओंडका कुठे अडकलाय ते पाण्याच्या आवाजावरून कळायला लागलं. त्याच कानांवर आजवर पोट भरतोय. कामं म्हणाल तर नवरा-बायकोच्या भांडणांची, नाहीतर बोटीच्या चोरीला गेलेल्या इंजिनांची.

तुमची बहीण हिल्का गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली. आपल्यावरचा आळ खोटा ठरवा म्हणून लोक माझ्या पायऱ्या चढतात. ‘मी गुन्हा केलाय, एवढं माझ्या भावाला नीट समजावून सांगा,’ असं म्हणणारी ही पहिलीच. तिचा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून पैसे देऊन परका माणूस गाठला. म्हणजे मी पोस्टमन. हरकत नाही, याहून हलकी कामं केली आहेत.

तिने सांगितलं ते असं. रोवानिएमीच्या मैत्रिणीची साठी होती. तुमच्या वडिलांना, एमेलींना, झटका आल्यापासून आठ वर्षांत हिल्का एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिली नव्हती. शेजारच्या नेस्तोरींनी स्वतःहून तिला जायला लावलं. रोज दुपारी येऊन चूल पेटवायची आणि सूप गरम करून द्यायचं, एवढं ठरलं. एमेली काठी घेऊन घरात हिंडायचे, पण चुलीत लाकूड घालायला वाकले की त्यांना घेरी यायची. शुक्रवारी पहाटे ती निघाली, अंगावर नवा कोट, नाचाला निघालेल्या पोरीसारखी. हे तिचेच शब्द. आणि त्या तंद्रीत, लहानपणापासूनच्या सवयीने, शेवटी बाहेर पडणाऱ्याने करायचं ते तिच्या हाताने केलं. झाडू दाराला टेकवला.

स्वीडनमध्ये इतकी वर्षं काढूनही दाराशी टेकवलेल्या झाडूचा अर्थ तुम्ही विसरला नसाल. आमच्याकडे नदीच्या वरच्या गावांतून आलेली जुनी माणसं अजून कुलूप लावत नाहीत. कुलूप म्हणजे शेजाऱ्यावर संशय. झाडू म्हणजे निरोप: घरात कोणी नाही, परत फिरा. नेस्तोरी शुक्रवारी आले, त्यांनी झाडू पाहिला. हिल्का ऐनवेळी बापाला सोबत घेऊन गेली, असं समजून ते परत फिरले. शनिवारीही तसंच आणि रविवारीही. बाहेर पारा उणे तिसाच्या खाली. रविवारी संध्याकाळी हिल्का परतली तेव्हा एमेली खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

परावलंबी माणसाला वाऱ्यावर सोडलं म्हणून तिच्यावर खटला भरायचा की नाही, ते सरकारी वकील मार्चमध्ये ठरवणार आहेत. जबाबावर तिने एक शब्दही न बदलता सही केलीय. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम तोवर बंद. त्याची तिला फिकीर दिसत नाही. तिचं मागणं एकच आहे: पंचवीस तारखेच्या दफनाला तुम्ही या. ‘तिच्याबरोबर एका खड्ड्याशी उभा राहणार नाही,’ असं तुम्ही म्हणालात म्हणे. ती म्हणते, तुम्ही आलात तर ती लांब, फाटकाजवळ थांबेल.

निरोप पोचवला. काम संपलं.

आपला,
ओइवा कुर्टी


ओउलू, ९ फेब्रुवारी १९८४

श्री. काउको यांस,

तुमचं कार्ड मिळालं. ‘तिने स्वतः कबूल केलंय, मग तुम्ही कशाला नाक खुपसता?’ प्रश्न रास्त आहे. नाक खुपसायचे मला पैसे मिळतात हे एक उत्तर, पण या वेळी ते खरं नाही. पोस्टमनचं काम झालं होतं. मला राहवलं नाही, एवढंच.

कारण सांगतो. पश्चात्ताप झालेला माणूस बोलताना अडखळतो. नको तिथे थांबतो, आपल्याच बोलण्यात दुरुस्त्या करतो. हिल्काने मला ती हकिकत दोनदा सांगितली, दोन्ही वेळा सारखी. गाळीव दारूसारखी, तळाशी कण नाही. पोलिसांना असा जबाब आवडतो. माझ्या कानाला तो खटकतो.

म्हणून मी नेस्तोरींकडे गेलो. तुमच्या आठवणीतले नेस्तोरी आता राहिले नाहीत. दार उघडताच म्हणाले, ‘या हेरसाहेब. तुरुंगात न्यायचं असेल तर लोकरीचे मोजे चढवतो, तिथे थंडी असते म्हणतात.’ विनोद केला खरा, पण हसले नाहीत. कॉफी ओतताना अर्धी बशीत गेली. मी विचारलं, तीन दिवस दाराशी जाऊन आलात, एकदाही कडी उघडून पाहावंसं वाटलं नाही?

‘झाडू होता ना,’ ते म्हणाले.

‘धुराड्यातून धूर नव्हता.’

‘म्हणूनच तर. झाडू आहे, धूर नाही, म्हणजे घरात कोणी नाही. अरे, चाळीस वर्षांत मी कुणाच्या झाडूला हात लावला नाही. तू लावला असतास?’

मी खरं तेच सांगितलं. नसता लावला. मीही त्यांच्यासारखाच परत फिरलो असतो, आणि स्वतःला मोठा सभ्य समजलो असतो.

मग त्यांना एक विनंती केली: झाडू कसा होता, तेवढं दाखवा. आम्ही दोघं तुमच्या घराच्या पायरीवर गेलो. हिल्का दुकानात गेली होती. त्यांनी बर्चच्या काटक्यांचा तो झाडू उचलला, दांडा पायरीवर टेकवला आणि काटक्या वर ठेवून दाराला लावला. म्हणाले, ‘असा. काटक्यांवर दव गोठलं होतं, फुलांचा गुच्छ दिसत होता. शुक्रवारी मी मनात म्हटलंसुद्धा, म्हाताऱ्यासाठी कुणी फुलं आणली की काय.’ आणि मग ते तिथेच खाली बसले, उणे वीसमध्ये, डोक्यावर टोपी नसताना.

हिल्का परतली तेव्हा मी ओट्यावर होतो, मुद्दाम बूट न झटकता आलेला. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं राज्य केलेल्या बाईची नजर ती. झाडू घेऊन तिने पायरीवरचा बर्फ लोटला आणि भिंतीला लावून ठेवला. दांडा वर, काटक्या खाली.

मी म्हटलं, ‘असा ठेवलात तर काटक्या वाकतात.’

‘बाबासुद्धा हेच सांगून थकले,’ ती म्हणाली. ‘मी जन्मभर असाच ठेवते. ते मागून यायचे आणि उलटा करून...’

आणि तिथे थांबली. दोन वेळच्या हकिकतीत जी एकदाही अडखळली नव्हती, ती तिथे अडखळली. लगेच आत जाऊन किटली चढवली आणि पाठमोरीच राहिली.

काउको, मी कायदा शिकलेलो नाही, पण एवढं समजतं. शुक्रवारी दाराला जो झाडू होता तो हिल्काच्या हातचा नव्हता. ज्याला काटक्या वाकू द्यायच्या नसत, त्याच्या हातचा होता. तुमच्या वडिलांनीच तो ठेवला. ती गेल्यावर आणि नेस्तोरी यायच्या आत.

मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या बहिणीवरचा तुमचा राग ज्या पायावर उभा आहे तो पाया पोकळ आहे, हे आधी तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय.

ओइवा कुर्टी


ओउलू, १६ फेब्रुवारी १९८४

काउको,

तुमचं पत्र रागाने लिहिलेलं आहे. टाइप केलेलं असूनही ऐकू येतं. मी म्हातारा बडबड्या आहे, झाडूच्या टोकावरून स्वर्ग गाठतो, हिल्काने मला गुळाचा गणपती करून बसवलंय, वगैरे. यातलं पहिलं मान्य. पण पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता: ‘बाबांना असलं काही करायचं कारण नव्हतं. गुरुवारी मी फोन केला तेव्हा ते मजेत होते, हवापाण्याखेरीज आमचं काही बोलणं झालं नाही.’

गुरुवारी तुम्ही फोन केला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हिल्कालाही माहीत नाही. त्या संध्याकाळी ती केस कापून घ्यायला गेली होती. आणि काय बोलणं झालं, हे तर मी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलं की माझे कान उभे राहतात. काय करणार, खोड आहे. तुम्हाला वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर नका सांगू. मी पोलीस नाही.

आता हिल्काचं ऐका. मंगळवारी मी तिला सगळं तोंडावर सांगितलं. झाडू तुम्ही ठेवला नाही, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. एकच गोष्ट मला उलगडत नाही म्हटलं. बाहेरून दाराला झाडू लावून माणूस आत कसा गेला?

ती बराच वेळ पावावर लोणी लावत राहिली, इतकं की पाव दिसेनासा झाला. मग सांगायला लागली. रविवारी घरात शिरल्यावर आधी तिने बापाच्या अंगावर गोधडी घातली आणि चूल पेटवायला धावली. गेलेल्या माणसाला ऊब देऊन उपयोग नाही, हे कळत होतं, पण हात थांबत नव्हते. लाकडं घ्यायला मागच्या पडवीत गेली तर पडवीचं बाहेरचं दार उघडं होतं. सगळा हिवाळाभर ते आतून कडी लावलेलं असतं. बाहेर डोकावली. पुढच्या दारापासून घराला वळसा घालून पावलं आली होती, आणि प्रत्येक पावलाशेजारी काठीचं भोक. मध्येच एका जागी बर्फ दबला होता. तिथे ते पडले असावेत, आणि उठले असावेत.

ऑक्टोबरपासून ज्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे एमेली! अंगात रविवारचा काळा कोट होता, दाढी केलेली होती. चुलीत हिल्काने रचून ठेवलेली लाकडं जशीच्या तशी होती.

‘मग तुम्ही काय केलंत?’ मी विचारलं.

‘फावडं घेतलं आणि पावलं बुजवली. मग पोलिसांना फोन केला.’

मला वाटलं, लोकलाज. आपल्याकडची प्रार्थनाघरातली मंडळी कशी आहेत तुम्ही जाणता. असं गेलेल्या माणसाबद्दल ती हळू आवाजात बोलतात, आणि हळू बोललेलंच गावभर जातं. मी म्हटलं, बापाचं नाव राखायला तुम्ही स्वतःवर घेतलंत. त्यावर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी शाळेत तिसऱ्यांदा सूप मागणाऱ्या पोराकडे टाकत असेल.

‘कुर्टी, तुमचे कान चांगले आहेत म्हणतात, मग ऐका. झाडू मी चुकून ठेवला असेल, तर बाबा त्या खुर्चीत माझी वाट बघत होते. शेवटपर्यंत. त्यांनी ठेवला असेल, तर ते माझी वाट बघत नव्हते. मला कशासोबत जगायचंय, ते मला ठरवू द्या.’

मी टोपी उचलली. 

दाराशी निरोप घेताना ती एवढंच म्हणाली, ‘आठ वर्षांत मी एकदा हसत घराबाहेर पडले हो. त्यांनी खिडकीतून बघितलं होतं मला.’

हिल्का चूक करून खचलेली बाई नाही. तिने चूक मागून घेतली आहे. त्या चुकीखाली जे आहे, त्याच्याकडे तिला बघवत नाही.

ओइवा कुर्टी


ओउलू, २० फेब्रुवारी १९८४

प्रिय काउको,

काल तुम्ही फोन केलात, बरं केलंत. सुरुवातीला लाइनवर नुसती खरखर होती, मग कळलं की ती लाइन नव्हे. फोनवर सगळं सांगता येत नाही. लिहिताना सुचतं, म्हणून लिहितो.

तुम्ही जे सांगितलंत ते मी तसंच उतरवतो. चुकलं असेल तर दुरुस्त करा. गुरुवारी तुम्ही वडिलांना म्हणालात, ‘बाबा, हिल्काला थोडं जगू द्या. ती छप्पन्न वर्षांची झाली, तुमच्यामागे म्हातारी झाली. वृद्धाश्रमाचा विचार करा.’ त्यावर एमेली म्हणाले, ‘बरं. मग तिला परत यायची घाई नको व्हायला.’ तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं, रोवानिएमीच्या सहलीबद्दल बोलतायत, दोन दिवस जास्त राहिली तरी चालेल, असं. आणि चारच दिवसांत हिल्काचा फोन आला की बाबा गेले आणि दाराला झाडू माझ्या हातून राहिला. तेव्हा तिच्यावर चवताळून उठणं तुम्हाला सोपं गेलं. ती दोषी असेपर्यंत ते वाक्य फक्त सहलीबद्दल होतं.

यात मी तुम्हाला नावं ठेवत नाही. तुम्ही बोललात त्यात वावगं काही नव्हतं. नेस्तोरी तेच म्हणत होते, मीही तेच म्हटलं असतं. गोथेनबर्गहून बापाला फोन करून बहिणीची बाजू घेणारा भाऊ वाईट नसतो. आणि माझं मत विचाराल तर चूक एमेलींची. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण त्यांनी हिल्काला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तिने झाडू त्यांच्या पाठीत घातला असता आणि मग दोघांनी मिळून कॉफी घेतली असती. आपल्या ओझ्याचं वजन माणसाने एकट्याने करू नये. ज्याने ते उचललंय त्यालाच ते खरं ठाऊक असतं.

शनिवारी मी तपास अधिकाऱ्याला भेटलो. हिल्काने मना केलं होतं. तिच्या पडवीतलं मी काही बोललो नाही, फक्त झाडू कसा उभा होता ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. भला पोरगा आहे. म्हणाला, ‘काका, आरोपी स्वतः म्हणतेय मी ठेवला, शेजारी म्हणतोय झाडू होता. काटक्या वर होत्या की खाली, हे मी वकिलांना कुठल्या तोंडाने सांगू? तिने जबाब बदलला तर बघू.’ म्हणजे सगळं पुन्हा तिच्याच हातात. आणि ती बदलणार नाही. तिला शिक्षा बहुतेक सौम्य होईल, पण शाळेत तिला पुन्हा घेणार नाहीत. ती त्या खिडकीसमोर बसून उरलेली वर्षं कुणीतरी तिची वाट बघत होतं, असं मानत राहील. कालपर्यंत मला वाटत होतं, मानू द्यावं.

आता वाटत नाही. ‘परत यायची घाई नको व्हायला.’ हे वाक्य मी कालपासून तोंडात घोळवतोय. रागावलेला माणूस असं बोलत नाही. विसरलेलाही नाही. ती घरात आली की त्यांना बरं वाटायचं आणि त्याचीच त्यांना लाज वाटायची, असं काहीतरी त्यात मला ऐकू येतं. ते तिची वाट बघत नव्हते, हे खरंच. पण शेवटचं जे काही त्यांच्या मनात होतं ते तिच्याबद्दलच होतं. हे तिला मिळायला हवं. दुखेल. दोषापेक्षा जास्त दुखेल, पण त्या दुखण्यात ती एकटी नसेल.

तुम्ही म्हणालात, ‘कुर्टी, तुम्हीच सांगा तिला. तुम्हाला बोलता येतं.’ नाही. सुरुवातीला मी पोस्टमनचं काम घेतलं, पण हा निरोप मी नेणार नाही. मी सांगितलं तर ती म्हणेल, म्हाताऱ्याने मला सोडवायला गोष्ट रचली. तुम्ही सांगितलंत तर ती तुमच्यावर ओरडेल, कदाचित हात उगारेल. उगारू द्या. ते वाक्य ऐकलेला माणूस जगात एकच आहे. त्याने तिच्या तोंडाकडे बघून ते उच्चारावं आणि आपण काय बोललो होतो तेही सांगावं. मग जबाब बदलायचा की नाही, ते तिचं तिने ठरवावं. तिने काहीही ठरवलं तरी मी तिच्या मनाविरुद्ध पुन्हा कुणाकडे जाणार नाही. एकदा गेलो, ते कालच तिला सांगून टाकलंय. तिने कॉफी दिली, पण बन दिला नाही.

दफन शनिवारी बारा वाजता. जमीन खोलवर गोठली आहे, माणसं दोन दिवस आधीपासून तापवून ती उघडणार आहेत. शवपेटी खाली सोडायला सहा पट्टे, सहा माणसं. शाळेतले दोन शिपाई, प्रार्थनाघरातले दोघं, नेस्तोरी आणि मी. नेस्तोरींचा खांदा दुखावलेला आहे, तरी ते ऐकत नाहीत. त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही. हिल्का फाटकाजवळ उभी राहणार म्हणत होती. तिला मी खडसावलं की पाहुण्या आहात का, पुढे या. येते की नाही, बघू.

उशाकडचा डावा पट्टा मुलाचा असतो. सध्या तो माझ्याकडे दिलाय. एमेलींना मी आयुष्यात पाहिलं नाही, त्यामुळे तो धरायचा मला काही हक्क नाही. तुम्ही आलात की मागून माझ्या खांद्यावर हात ठेवा. मी वळून बघणार नाही. पट्टा तुमच्या हातात देईन आणि बाजूला होईन.

तुमचा,
ओइवा कुर्टी